निकाल हाती आला, पण कागद कुठे आहेत?

बारावीला मुले असलेल्या आईवडिलांसाठी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्यांची थोरली मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली होती. सामाईक प्रवेश परीक्षेतही तिने चांगले गुण मिळवले. "आमच्या घरातली पहिली इंजिनियर," असे तिची आई सगळ्यांना सांगत होती, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. मुलीचा सरकारी महाविद्यालयात नंबर लागेल एवढे गुण तिला होते.

जुलैत ती वडिलांबरोबर कागद तपासायला गेली. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "पडताळणी कुठे आहे?"

वडील म्हणाले, "जातीचा दाखला आहे ना साहेब. हा काय."

"दाखला नव्हे. पडताळणीचे प्रमाणपत्र. व्हॅलिडिटी."

वडिलांनी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मग धावपळ सुरू झाली. समितीकडे अर्ज केला, अर्जाची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश मिळाला. पण आजोबांच्या शाळेची नोंद मिळेना. गावी जाऊन जुने रजिस्टर काढायला दीड महिना गेला. ते मिळाले तर त्यात आडनावच नव्हते, नुसते आजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव. समितीने पुरावा मागितला. तोवर प्रमाणपत्र देण्याची मुदत संपली आणि जागा गेली. मुलीचे वर्ष वाया गेले. पडताळणी आली ती दिवाळीनंतर.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली, प्रवेश मिळवला. ती हिंमतीची म्हणून. पण तिचे वडील अजून म्हणतात, "पोरीचं एक वर्ष माझ्या अडाणीपणानं गेलं."

वाचकहो, मला हे वाक्य टोचते. कारण एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी तीस वर्षे लिपिक होतो. अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला माझी सगळी नोकरी झाली. पडताळणी म्हणजे काय, ती कधी काढावी, हे मला झोपेतही सांगता आले असते. आणि मी त्या मुलीच्या घरापासून तीन खोल्या सोडून राहतो. ती अकरावीत असताना रोज जिन्यात भेटायची, "काका, जयभीम" म्हणायची. मी विचारायचो, "अभ्यास कसा चाललाय?" कागद काढलेत का, हे मात्र मी एकदाही विचारले नाही.

म्हणून हा लेख. ज्या घरात यंदा मूल अकरावीत किंवा बारावीत आहे, त्या घराने हा लेख कापून ठेवावा.

गुण मुलांचे, कागद आईबापांचे

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढे प्रवेश हुकताना पाहिले, त्यातले कितीतरी गुणांमुळे हुकले नव्हते. एखादा दाखला नाही, नावात फरक आहे, तारीख उलटली, अशी कारणे असायची. डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरातली मुले हुशार असतात असे नाही. पण त्यांच्या घरात कोणीतरी या वाटेने आधी गेलेले असते. कोणता कागद कधी लागेल हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या घरातून कॉलेजला जाणारे मूल बहुतेक वेळा पहिलेच असते. त्याला वाट दाखवणारे घरात कोणी नसते.

यावर उपाय एकच. अभ्यास मुलाने करावा आणि कागदांची जबाबदारी आईवडिलांनी घ्यावी. आपण शिकलेले नाही म्हणून मागे राहू नये. रेशनकार्डासाठी आपण चकरा मारतोच की. तेवढीच चिकाटी इथे लागते.

घरात एक प्लॅस्टिकची पिशवी किंवा फाईल करावी. तिच्यात पुढील कागद असावेत: दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारकार्ड, रेशनकार्डाची प्रत, मुलाच्या नावाचे बँकेचे पासबुक आणि सहा-आठ फोटो. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हातात देताना पोच घ्यावी. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नॉन-क्रीमी लेअरचा दाखला लागत नाही, हेही माहीत असावे. कोणी तो मागितला तर शांतपणे सांगावे.

पडताळणी म्हणजे काय?

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो दाखला खरा आहे की नाही हे तपासून जिल्ह्याची जात पडताळणी समिती जे प्रमाणपत्र देते, ते पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो २००१ सालापासून लागू आहे. राखीव जागेवर अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर हे प्रमाणपत्र लागते.

हा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करायचा नसतो. मूल विज्ञान शाखेत अकरावीला गेले की लगेच करावा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्यावर महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही-शिक्का घ्यावा लागतो आणि छापील प्रत कागदांसह समितीकडे द्यावी लागते. ज्या जिल्ह्यातून जातीचा दाखला निघाला, त्याच जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज जातो. मुंबई-पुण्यात पोट भरायला आलेल्या घरांनी हे नीट ध्यानात घ्यावे. तुमचा दाखला बीडचा किंवा बुलडाण्याचा असेल, तर पडताळणीही तिकडूनच होते.

अनुसूचित जाती आणि त्यांतून बौद्ध झालेल्यांसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेच्या आधी आपले वाडवडील कुठे राहत होते आणि त्यांची जात काय होती, याचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा आजोबा, पणजोबा किंवा आजोबांचे भाऊ यांच्या शाळेच्या दाखल्यात सापडतो. ते शाळेत गेलेच नसतील, आणि आपल्याकडे बहुतेकांचे तसेच आहे, तर तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूच्या नोंदीत, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात शोधावे. जमिनीचा जुना उतारा, वतनाची नोंद हेही चालू शकते. जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्यात उर्दूतही सापडतात. त्यांचे मराठी भाषांतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. या सगळ्याला महिने लागतात. म्हणूनच अकरावी.

सर्वांत सोपा मार्ग वेगळाच आहे. वडील, काका, आत्या, सख्खा भाऊ किंवा बहीण, वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाचीही पडताळणी आधी झालेली असेल, तर तिची प्रत जोडावी. काम पुष्कळ हलके होते. पुष्कळदा चुलतभावाकडे पडताळणी असते, पण दोन घरांत बोलणे नसते. बांधवहो, बांधावरून झालेले भांडण बांधावर ठेवा. मुलाच्या कागदासाठी भावाच्या दारात जायला कमीपणा नाही.

आपल्या समाजापुढे आणखी एक अडचण येते. आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असते, वडिलांच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असते आणि मुलाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. तिन्ही नोंदी खऱ्या असतात. १९५६ साली धर्मांतर झाले, त्याचाच तो इतिहास आहे. पण हे तिघे एकाच घरातले आहेत हे कागदावर दाखवावे लागते. त्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र नीट करावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून सगळी नावे लिहून घ्यावीत. आजी आज आहे, उद्या नसेल. तिच्याबरोबर चार पिढ्यांची नावे जातात.

केंद्र सरकारच्या संस्थांत प्रवेश घ्यायचा असेल तर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. बौद्धांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तो दाखलाही फाईलीत असू द्यावा.

नावातली एक चूक

शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. आईचे नाव कुठे रमा तर कुठे रमाबाई. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त. अशा फरकामुळे शिष्यवृत्ती अडकते. मूल शाळेत आहे तोवर शाळेच्या रजिस्टरमधली चूक मुख्याध्यापकांकडे अर्ज करून सुधारता येते. शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून दहावी-बारावीचा परीक्षेचा फॉर्म भरताना आईवडिलांनी स्वतः शाळेत जाऊन नाव, जन्मतारीख, आईचे नाव आणि प्रवर्ग वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलाला बरोबर न्यावे.

तारखांची वही

बारावीची परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पण प्रवेशाचे काम त्याआधीच सुरू झालेले असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी यांसाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच निघतात. वैद्यकीयला नीट परीक्षा. बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमालाही राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ सालापासून देशभर एकच सामाईक परीक्षा घेतली जाते. "आधी बारावी होऊ दे, मग बघू" असे म्हणणाऱ्या घराचे दार इथेच बंद होते. बारावीचा निकाल येतो तेव्हा या परीक्षांचे अर्ज कधीच संपलेले असतात.

कला, वाणिज्य आणि साध्या विज्ञान पदवीला वेगळी गडबड असते. निकाल लागला की चार-आठ दिवसांत महाविद्यालयांचे अर्ज आणि गुणवत्ता याद्या सुरू होतात. मुंबई विद्यापीठात तर महाविद्यालयाच्या अर्जाआधी विद्यापीठाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. या दिवसांत मूल गावी लग्नाला गेले तर पहिली यादी हुकते. मे-जूनमध्ये गावी जाणे असेल तर निकालाच्या तारखेकडे बघून जावे.

घरात एक शंभर पानी वही करावी. तिच्यात प्रत्येक अर्जाचा क्रमांक, भरल्याची तारीख, शेवटची तारीख आणि पासवर्ड लिहावा. पासवर्डचे मी मुद्दाम सांगतो. सायबर कॅफेवाला अर्ज भरताना पुष्कळदा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो, निरोपही त्यालाच येतो, आणि तुमच्या मुलाला काही कळत नाही. अर्जावर नंबर घरातलाच हवा, आणि वर्षभर तो नंबर बदलू नये. रिचार्ज संपल्यामुळे प्रवेश गेलेला मुलगा मी पाहिला आहे.

महाविद्यालयांची पसंती भरताना जे खरोखर हवे ते पहिल्या क्रमांकावर लिहावे. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर तीच घ्यावी लागते, पुढच्या फेरीत ती बदलता येत नाही. म्हणून मित्राने काय लिहिले ते पाहून क्रम लावू नये. घरापासूनचे अंतर, वसतिगृह, सरकारी की खासगी, हे सर्व आदल्या दिवशी घरात बसून ठरवावे.

कोणत्या बाजूला जावे?

आईवडील विचारतात, "साहेब, कशात नोकरी आहे?" प्रश्न रास्त आहे. पण मुलाला गणिताची भीती वाटत असेल तर त्याला इंजिनियर करून उपयोग नाही. पहिल्या वर्षात चार विषय राहतात, मूल घरी सांगत नाही, आणि एक दिवस कॉलेज सुटते. अशी मुले मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नव्हता.

मुलाला तीन याद्या करायला सांगाव्यात. पहिली, मनापासून काय करायचे आहे. दुसरी, मिळालेल्या गुणांत काय मिळू शकते. तिसरी, काहीच झाले नाही तर काय करायचे. तिसरी यादी लिहिली म्हणजे हार मानली असे नव्हे. तिच्यामुळे जुलैत घर रडत बसत नाही. परिचारिकेचा अभ्यासक्रम, कायदा, शिक्षकी, हिशेबाचे काम, प्रयोगशाळेचे काम, कृषी, ग्रंथालय असे कितीतरी रस्ते आहेत. अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गाला बारावीच्या ठराविक विषयांत ४५ टक्के लागतात, राज्यातील राखीव प्रवर्गाला ४० टक्के. एवढ्या गुणांवर अर्जाला पात्रता येते, प्रवेश मात्र प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरतो, हे दोन्ही ध्यानात ठेवावे.

ज्या मुलाला घरासाठी लगेच कमवावे लागते, त्याने शिक्षण सोडू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आहे. नोकरी सांभाळून तिथून पदवी घेता येते. पुढे स्पर्धा परीक्षांचे दार त्या पदवीने उघडते.

पैशाचे काय?

पैशाअभावी प्रवेश घ्यायचाच नाही, असा निर्णय घरात होण्याआधी एकदा पुढची माहिती वाचावी.

मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ साली झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि ही योजना त्यांच्या पाठपुराव्याने उभी राहिली. तीच शिष्यवृत्ती आज आपण भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून ओळखतो. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर फी भरली जाते आणि मुलाला वरखर्चासाठी भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जातीच्या मुलांना फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करावे लागतात.

हा अर्ज एकदा भरला म्हणजे झाले असे नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. महाविद्यालयात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. अर्ज भरला की तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे येतो. त्याने तो पुढे पाठवला की नाही हे पंधरा दिवसांनी जाऊन विचारावे. मी स्वतः लिपिक होतो म्हणून सांगतो, जो विचारायला येतो त्याचा कागद वर राहतो. हे बरे नाही, पण असे होते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून मिळतो, सेतू केंद्रात अर्ज करावा. रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तलाठ्याचा अहवाल लागतो. जूनमध्ये तिथे रांगा लागतात. नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की एप्रिलमध्येच हे काम उरकावे.

मूल बाहेरगावी जाणार असेल तर समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे राहणे आणि जेवण मोफत असते. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून पहिल्या दिवसातच अर्ज द्यावा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर निराश होऊ नये. २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च थेट बँकेत मिळतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत तो वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत ठरवलेला आहे, लहान शहरांत कमी. उत्पन्नाची आणि गुणांची अट असते. ती त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचावी किंवा समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारावी.

आता एक सावधगिरीची गोष्ट. निकालानंतर काही दलाल वस्त्यांत फिरतात. "गुण कमी असले तरी चालेल, सीट देतो, शिष्यवृत्ती आहेच" असे सांगतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही. हे कळते तेव्हा पहिल्या वर्षाची फी घरातले सोने मोडून भरलेली असते, आणि दुसऱ्या वर्षाला पैसे नसतात. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच घ्यावा. दलालाला एक रुपयाही देऊ नये.

खिडकीवर बोलताना

आपली माणसे खिडकीवर गेली की आवाज बारीक होतो. तीस वर्षे मी आतून हे पाहिले. लिपिक "उद्या या" म्हणतो आणि माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून मुकाट परत जातो.

असे करू नये. नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: "नेमका कोणता कागद कमी आहे, तेवढे लिहून द्या." अर्ज दिला तर आवक क्रमांक टाकून पोच मागावी. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीस पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. तरी कोणी सगळी फी आधी भरा म्हणत असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत समाजकल्याण कार्यालयात द्यावी. भांडण नको, पण तोंडी बोलण्यावर विसंबूनही राहू नये. कागदाला कागदानेच उत्तर मिळते.

शक्यतो मुलालाही बरोबर न्यावे. आज तो तुमच्या मागे उभा राहून ऐकेल, दुसऱ्या वर्षी तो स्वतः बोलेल.

नापास झाला तर

प्रत्येक घरात पेढे येत नाहीत. एखाद-दोन विषय राहिले तर त्या दिवशी मुलाला बोलू नये. शेजारच्या मुलाशी तुलना तर अजिबात करू नये. निकालाच्या दिवशी त्याला एकटे सोडू नये, रात्री जेवायला आपल्याजवळ बसवावे.

मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते. तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावा लागतो. त्यात पास झालेल्या मुलाला पुष्कळ ठिकाणी त्याच वर्षी पुढे प्रवेश मिळू शकतो. गुण कमी वाटत असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून गुणपडताळणी किंवा फेरमूल्यांकन करता येते. त्यालाही मुदत असते. एका विषयात राहिलेला मुलगा नाक्यावर उभा राहू लागला की पुन्हा वहीकडे वळणे कठीण होते. म्हणून त्याच आठवड्यात फॉर्म भरावा.

मुलींविषयी दोन शब्द

मुलगी बारावी झाली की नातेवाईक स्थळ घेऊन येतात. "शिकून काय, शेवटी चूलच" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. माझ्या कार्यालयात एक मुलगी शाळा सोडल्याचा दाखला परत न्यायला आली होती. लग्न ठरले होते. दाखला देताना माझा हात थांबला, पण मी काही बोललो नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "सर, पुढं कधी यायचं झालं तर हा चालेल ना?" मी "हो" म्हणालो. ती पुन्हा आली नाही.

आईने इथे उभे राहावे. ज्या आईला स्वतःला शिकायला मिळाले नाही, तिने मुलीसाठी एवढा एक हट्ट धरावा. सरकारी वसतिगृहे मुलींसाठीही आहेत. स्वाधार मुलींनाही आहे. दूर पाठवायची भीती वाटत असेल तर एकदा स्वतः जाऊन वसतिगृह पाहून यावे.

तीन खोल्या सोडून

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्याआधी ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक यायचे. हा मुलगा रोज इथे बसून काय वाचतो, म्हणून त्यांनी जवळ जाऊन विचारपूस केली. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण पार पडले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे. पण विचारपूस करणारा एक माणूस त्या बागेत होता, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या वस्तीत आज असे लोक आहेत. शिक्षक आहेत, बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, पोस्टात काम करणारे आहेत, माझ्यासारखे निवृत्त कारकून आहेत. आपण जयंतीला वर्गणी देतो, सभेला जातो. तेवढ्याने आपले काम संपत नाही. आपल्या जिन्यात, आपल्या गल्लीत अकरावीला कोण आहे, हे प्रत्येकाने शोधून काढावे आणि विचारावे, "पडताळणीचा अर्ज केलास का? उत्पन्नाचा दाखला कधीचा आहे? नाव सगळीकडे सारखे आहे का?" याला पैसे लागत नाहीत.

त्या मुलीचे वर्ष गेल्यानंतर मी एक काम सुरू केले. रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या विहारात एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसतो. लोक फाईल घेऊन येतात. कोणाचा फॉर्म भरायचा असतो, कोणाला आजोबांचे नाव मोडीत सापडलेले असते, कोणी नुसतेच "साहेब, पोरगं दहावी झालं, आता काय?" असे विचारायला येतात. मे-जूनमध्ये गर्दी होते, एरवी दोन-तीन माणसे असतात.

तीच मुलगी आता नोकरीला आहे. सुटीच्या रविवारी ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते. ऑनलाइनचे सगळे तीच पाहते, माझे डोळे आता त्या पडद्यावर टिकत नाहीत. मागच्या महिन्यात एक रिक्षावाले काका आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा अकरावीत. त्यांच्या पिशवीत जातीचा दाखला होता. तिने तो पाहिला, उलटून बघितला आणि विचारले, "काका, पडताळणी?"

"ते काय असतं?" काका म्हणाले.

"बसा," ती म्हणाली. "वेळ आहे आपल्याकडे."